मरळीसाठी बासची सामग्री : रॉड, रीळ आणि लाइन निवडण्याच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

दौंड तालुक्यातील मामांच्या गावच्या पाझर तलावावर गेल्या महिन्यात जे घडले, त्यातून हे काम हाती घेतले आहे. म्हणून ते आधी लिहून ठेवतो. पाणकणसाच्या कडेने रबरी बेडूक ओढत असताना मोठी मरळ लागली. तिने पहिल्याच धडकेत जलपर्णीखाली बुडी मारली, माझा सहा फुटी रॉड मुठीपर्यंत वाकला, रिळातून तंगूस (नायलॉनचा दोरा) सरसरत गेला आणि चार-पाच सेकंदांत सारे हलके झाले. तुटके टोक हातात घेऊन नखाने चाचपले, तर शेवटचा वीतभर भाग खरखरीत लागला. मासा निसटला याचे वाईट वाटत नाही. तो बेडकाचा जोडगळ तोंडात घेऊन गेला, याचे वाटते. चुकीच्या सामग्रीची किंमत त्याने मोजली.

मामा गेली चाळीस वर्षे त्याच तलावावर बांबूच्या काठीने मासे धरतात. तलाव ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे, तिच्याशी त्यांचे जुने संबंध आहेत आणि माझी परवानगीही त्यांनीच काढली आहे. तुटलेला तंगूस पाहून ते एवढेच म्हणाले, "तू आधी काठी घेतो, मग चकरी घेतो, अन् उरल्या पैशात तंगूस. उलटं कर की." या एका वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. भोसरीच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करताना जोडकामातील सर्वांत कमकुवत भागापासून हिशोब सुरू करायचा, हे मी रोज इतरांना सांगतो. स्वतःच्या छंदात मात्र मी ते कधीच केले नव्हते.

म्हणून या नोंदींचा क्रम असा राहील : आधी जागा, मग लाइन, मग आमिषाचे वजन, त्यानंतर रॉड आणि शेवटी रीळ. टेक्ससमध्ये राहणारा पुतण्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात येत आहे. तो तेथे बास मासा धरतो आणि सामानातून रॉड-रीळ आणायला तयार आहे. त्याला यादी नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्यायची आहे.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

सकाळी शस्त्रपूजेत कॅलिपर आणि पक्कडीशेजारी जुना रॉडही ठेवला. संध्याकाळी पुतण्याशी दीड तास बोलणे झाले. "काका, मासा वेगळा असला तरी काम तेच आहे," असे त्याचे म्हणणे, आणि बऱ्याच अंशी ते मला पटले.

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. तो आडोशाला दबा धरून बसतो आणि वरून काही गेले की झडप घालतो. आपली मरळही तेच करते. बासचा नर घरट्यावर पहारा देतो आणि पिल्ले फुटल्यावरही काही काळ त्यांच्यासोबत राहतो. मरळीत नर-मादी दोघेही पिल्लांच्या थव्याखाली फिरत राहतात. त्यामुळे बाससाठी घडवलेली पद्धत, म्हणजे गवतावरून ओढायचा पोकळ रबरी बेडूक, त्याला लागणारा ताठ रॉड आणि जाड ब्रेडेड, म्हणजे अनेक तंतूंची विणलेली, लाइन, मरळीला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. फरक आहेत ते दोन, आणि दोन्ही निवडीवर परिणाम करणारे आहेत. बासचे दात कानशीसारखे बारीक असतात, म्हणून तेथे लोक अंगठा तोंडात घालून खालचा जबडा धरतात. मरळीचे दात टोकदार असतात आणि तिच्या तोंडात बोट घालणे धोक्याचे आहे. दुसरे, मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ऑक्सिजन जवळपास संपलेल्या, गच्च जलपर्णीने झाकलेल्या पाण्यातही ती राहते. म्हणजे आपला आडोसा बासच्या आडोशापेक्षाही दाट असतो.

मी विचारले की मासा एक-दोन किलोचा असताना तेथे पन्नास पौंडांची लाइन कशाला लावतात. त्यावर त्याने मला विक्रमाचा आकडा आठवून पाहायला सांगितले. जॉर्जियातील माँटगोमेरी तलावावर २ जून १९३२ रोजी धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा होता, आणि पुढे २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात धरलेल्या माशाने त्याची केवळ बरोबरी साधली. पन्नास पौंड म्हणजे २२.७ किलो. जगातील सर्वांत मोठ्या बासच्या दुपटीहून अधिक ताण सोसणारी लाइन ही मंडळी घेतात, ती माशासाठी नसून गवतासाठी असते. मासा आडोशात शिरला की लाइनला मासा आणि गवत या दोघांचे ओझे एकदम पेलावे लागते.

रात्री मामांना फोन करून एक काम सांगितले.

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

मामांनी जलपर्णीचा हातभर गड्डा तलावातून ओढून, निथळू न देता, हुककाट्याला लावून फोटो पाठवला : ४ किलो २०० ग्रॅम. पाण्यात असताना हे ओझे पुष्कळ कमी भासते, पण मासा काठाशी आणताना किंवा गड्डा मुळासकट उचलताना ते जवळजवळ पूर्ण अंगावर येते. दोन किलोची मरळ आणि असा एकच गड्डा धरला तरी सहा किलो झाले, आणि माशाचे हिसडे त्यात धरलेले नाहीत. माझ्या जुन्या तंगुसावर छापलेली ताकद दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो होती.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आजचा दिवस लाइनच्या चाचण्यांत गेला. सामान तोलण्याचा, कमाल आकडा धरून ठेवणारा डिजिटल हुककाटा बाल्कनीच्या ग्रिलला बांधला, डोळ्यांना कारखान्याचा चष्मा आणि हातांना चामडी मोजे घातले. ताणलेली लाइन तुटून उलटी येते तेव्हा ती चाबकासारखी लागते, म्हणून हे दोन्ही आवश्यक आहेत. बिनगाठीची ताकद मोजायची असेल तर लाइनची दोन्ही टोके गुळगुळीत नळीवर सात-आठ वेढे देऊन अडकवावीत. गाठ मारली की आपण लाइन नव्हे, गाठ मोजत असतो.

पहिली जुनी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. रिळाच्या आतल्या, उन्हात न आलेल्या भागाचे तीन तुकडे सरासरी ४.४ किलोला तुटले. छापील आकडा खरा होता. बाहेरचा, दोन उन्हाळे सोसलेला भाग ३.२ किलोला गेला. आतलाच तुकडा रात्रभर बादलीत भिजवून ठेवला तर ३.९ किलो, कारण नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर थोडे मऊ व अशक्त होते. मग गाठीकडे वळलो. एकच गाठ कोरडीच आवळली तेव्हा ती ३ किलोला सुटली वा तुटली, आणि आवळण्यापूर्वी थुंकीने ओली केली तेव्हा ३.८ किलोपर्यंत टिकली. आवळताना घर्षणाने नायलॉन तापते आणि त्याच ठिकाणी मरते. तोडल्यावर टोक भिंगाखाली पाहिले, तर कोरड्या गाठीशी ते कुरळे आणि पांढुरके झालेले स्पष्ट दिसत होते. सप्टेंबरात माझ्याकडे प्रत्यक्षात उन्हाने जुनाट, ओली आणि घासलेली लाइन होती. कागदावरचे साडेचार किलो त्या क्षणी तीनही नसावेत.

दुसरी, मागच्या वर्षी ऑनलाइन घेतलेली ब्रेडेड लाइन. वेष्टनावर "०.१८ मिमी, ५० पौंड" असे छापलेले होते. कॅलिपरच्या जबड्यात ब्रेडेड लाइन चेपली जाते, त्यामुळे शाळेत शिकवलेली रीत वापरली : पेन्सिलीवर शेजारी-शेजारी पन्नास वेढे घट्ट घेतले आणि एकूण रुंदी मोजली. ती १५ मिमी भरली, म्हणजे जाडी ०.३० मिमी. ताकद १३ किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम २९ पौंड. जाडी कमी सांगायची आणि ताकद जास्त सांगायची, असा दुहेरी खोटेपणा त्या वेष्टनावर होता, आणि मी वर्षभर त्यावर विसंबून होतो.

या लाइनी ज्या तंतूची बनवतात, ते अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन आहे. जपानी पद्धतीत त्याची जाडी पीई क्रमांकाने सांगतात : पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५ आणि पीई ४ म्हणजे ०.३३ मिमी. पौंडांचा आकडा कंपनीगणिक ताणला जातो, पण हा क्रमांक बऱ्यापैकी प्रामाणिक राहतो, म्हणून यापुढे वेष्टनावर आधी तोच पाहायचा. पन्नास पौंडांच्या चांगल्या लाइनची जाडी ०.३५ मिमीच्या आसपास असते, जी साधारण बारा पौंडांच्या नायलॉनइतकी आहे.

तिसरा पर्याय फ्लुरोकार्बनचा. त्याची घनता १.७८ आहे, नायलॉनची १.१४ आणि पॉलिएथिलीनची ०.९७. या तीन आकड्यांतच बरेचसे उत्तर दडलेले आहे. बेडूक पाण्यावर तरंगायचा आणि डुलायचा आहे. फ्लुरोकार्बन बुडते आणि त्याचे नाक खाली ओढते, तर ब्रेडेड लाइन तरंगते आणि बेडकाला मोकळे ठेवते. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक १.४२, पाण्याच्या १.३३ ला जवळचा, म्हणून ते पाण्यात कमी दिसते हे खरे आहे. पण मामांच्या तलावात वीतभर खोलीवर काही दिसत नाही, तेथे या गुणासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. स्वच्छ, खडकाळ काठाच्या पाण्यात मात्र तोच गुण आणि त्याची घासाला टिकण्याची शक्ती, दोन्ही कामाला येतात.

ताणण्याचाही प्रश्न आहे. नायलॉन तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ताणले जाते. वीस मीटर दूर मरळीने बेडूक धरला आणि मी झटका दिला, तर त्यातला मोठा भाग तंगूसच खाऊन टाकतो आणि तिच्या कडक जबड्यात गळ रुततच नाही. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणलीच जात नाही.

निर्णय : बेडकासाठी पन्नास पौंडांची, पीई ४ ची ब्रेडेड लाइन. गाठ पालोमर, कारण ती दुहेरी असते आणि या निसरड्या तंतूवर घसरत नाही.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीच्या गर्दीत लक्ष्मी रस्त्यावर जाणे टाळायला हवे होते, पण सोन्या मारुती चौकाजवळच्या ओळखीच्या सराफांनी दुकान उघडताच यायला सांगितले होते. त्यांच्या काट्यावर माझ्याकडची अकरा आमिषे तोलली. १४ ग्रॅम छापलेला बेडूक १६.८ ग्रॅम भरला. आत पाणी राहिले की त्यात आणखी दोन-तीन ग्रॅमची भर पडते, आणि प्रत्येक फेकीत थोडे पाणी आत राहतेच. बारीक चमचे, म्हणजे धातूची चमकणारी आमिषे, ५ ते ९ ग्रॅमचे निघाले, पात्यांचे स्पिनरबेट १२ ते १५ ग्रॅमचे.

रॉडवर आमिषाचे वजन औंसांत लिहिलेले असते. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, त्यामुळे पाव ते एक औंस म्हणजे ७ ते २८ ग्रॅम. माझी आमिषे तोलल्यावर दोन स्पष्ट गट पडले : २० ग्रॅमच्या आसपासचा ओला बेडूक आणि १० ग्रॅमच्या आतले चमचे. एकच रॉड दोन्ही नीट फेकू शकणार नाही. स्पिनरबेट मधेच राहतात; त्यांचा विचार रॉडच्या वेळी करू.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

रॉडची दोन मापे असतात आणि दुकानात ती नेहमी एकमेकांत मिसळली जातात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी ही तिची नावे. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो; फास्ट रॉड टोकाच्या भागात वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत. गवतातला एकच मोठा गळ रुतवायला फास्ट हवा. तीन टोकांच्या बारीक गळांचे क्रँकबेट नावाचे आमिष ओढायला मॉडरेट बरा, कारण तो माशाच्या हिसड्याला नमतो आणि बारीक गळ उपटून येत नाहीत.

अडचण अशी की "मीडियम हेवी" म्हणजे नेमके किती, याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचे आपले वेगळे. म्हणून मित्रांकडून चार रॉड मागून आणले आणि ते मोजले. अमेरिकेत रॉड बांधणारे लोक रॉडचे टोक लांबीच्या एक तृतीयांश इतके खाली वाकेपर्यंत त्याला नाणी टांगतात आणि नाण्यांच्या वजनावरून पॉवर ठरवतात. नाण्यांऐवजी मी पाणी वापरले, कारण एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. रॉडची मूठ टेबलाला शिकंज्यात आडवी धरली, टोकाला दुधाची रिकामी पिशवी टांगली आणि मुलीने मापाच्या पेल्याने पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी ओतले, तर मी भिंतीवरच्या खुणेकडे पाहत राहिलो. सात फुटांच्या, म्हणजे २१३ सेंटिमीटरच्या रॉडसाठी ती खूण ७१ सेंटिमीटर खाली होती. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दोन "मीडियम हेवी" रॉड अनुक्रमे ४५० आणि ६५० ग्रॅमला खुणेवर आले. नाव एक आणि फरक दोनशे ग्रॅमचा. माझा सहा फुटी "मीडियम" २५० ग्रॅमलाच त्याच्या खुणेला, म्हणजे ६१ सेंटिमीटरला, पोहोचला. जलपर्णीतून काही उचलण्याची त्याची ऐपत नव्हतीच.

वाकण्याचा आकारही पाहण्यासारखा होता. साडेचारशे ग्रॅमचा रॉड पिशवी जड होत गेली तसा टोकापासून मधल्या (लाइन ओवायच्या) कडीपर्यंत एकसारखा गोलाईने उतरत गेला. साडेसहाशेचा बराच वेळ सरळ राहिला आणि मग पहिल्या तीन कड्यांतच एकदम झुकला, जणू मनगटातून हात खाली सोडावा. कागदावर दोघेही "फास्ट" होते.

कार्बनचा की काचतंतूचा, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटला नाही. कार्बन हलका आणि ताठ असतो, दिवसभर बेडूक नाचवायला तो हवाच. पण तो विजेचा वाहक आहे. मामांच्या तलावाच्या पूर्व काठावरून शेतीपंपांची वीजवाहिनी जाते. त्या बाजूने सात फुटी रॉड उचलून फेकायचा नाही, आणि वळवाचे ढग दिसले की रॉड आडवा ठेवून काठ सोडायचा. हे घरातील मुलांनाही सांगून ठेवले आहे.

निर्णय : बेडकासाठी सात फुटी, हेवी, फास्ट कास्टिंग रॉड (रीळ वर बसणारा), आमिष १० ते ४० ग्रॅम. चमच्यांसाठी सात फुटी, मीडियम, फास्ट स्पिनिंग रॉड (रीळ खाली लटकणारा). पुतण्याने तिसरा, स्पिनरबेटसाठीचा मीडियम हेवी रॉड घ्यायला सुचवले होते आणि बासच्या दृष्टीने तो सर्वांत अष्टपैलू रॉड आहे, हे मी मान्य करतो. पण ज्यांचे पाणी निरनिराळे असते त्यांना अष्टपैलू रॉड हवा. माझे पाणी एकच आहे आणि ते गच्च आहे. बारा-पंधरा ग्रॅमचे स्पिनरबेट हेवी रॉड ओढून नेईल. दोन्ही रॉड दोन तुकड्यांचे मागवायचे, म्हणजे सव्वा मीटरच्या नळीत ते विमानातून येतील. जाणकार एकसंध रॉडला मान देतात, पण आजच्या जोडांत जाणवण्याइतका फरक मला मागून आणलेल्या रॉडांत सापडला नाही.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

रिळाच्या बाबतीत सर्वाधिक जाहिरात बेअरिंगच्या संख्येची होते आणि सर्वांत कमी उपयोग त्याच आकड्याचा होतो. दहा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी, हे आमच्या क्षेत्रात कोणीही सांगेल. मी तीनच गोष्टी पाहिल्या : एका फेऱ्यात लाइन किती येते, ड्रॅग (ताण वाढला की लाइन सोडणारा रिळातला ब्रेक) गुळगुळीत सुटतो का आणि सांगाडा पिळला जातो का.

गिअरचे प्रमाण एकटे काही सांगत नाही, त्याला स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळायच्या फिरकीच्या, परिघाने गुणावे लागते. कास्टिंग रॉडला लागणाऱ्या बेटकास्टिंग रिळाचा भरलेला स्पूल ३२ मिमी व्यासाचा आणि प्रमाण ७.१ असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७१ सेंटिमीटर लाइन येते, प्रमाण ५.१ असेल तर ५१ सेंटिमीटर. मरळ लागताच तिचे डोके वर काढून तिला गवतावरून घसरत आणायचे असते, पहिले तीन सेकंद महत्त्वाचे असतात, आणि त्या तीन सेकंदांत वीस सेंटिमीटर प्रतिफेरा हा फरक निर्णायक आहे. म्हणून ७.१ घ्यायचे. स्पिनिंग रिळाचा स्पूल मोठा असल्याने तेथे ६.२ चे प्रमाणही ४५ मिमी व्यासावर ८८ सेंटिमीटर देते. चमच्यांच्या रॉडला २५०० आकाराचे तसे रीळ पुरेसे आहे.

बेटकास्टिंग रीळ अमेरिकेतील केंटकी राज्यात १९व्या शतकाच्या आरंभी घडले. त्याच्या पहिल्या कारागिरांत घड्याळे आणि चांदीकाम करणारा जॉर्ज स्नायडर होता. सराफांच्या काट्यावर आमिषे तोलली, त्याच्या तीन आठवड्यांनी हे आठवले आणि बरे वाटले : दात्यांचे हे काम मुळातच बारीक हातांचे आहे. त्याची अडचण अशी की फेकताना स्पूल स्वतः फिरतो, आणि आमिष मंदावले तरी फिरतच राहिला की लाइनचा गुंता होतो. म्हणून चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी ब्रेक बाहेरून बदलता येणारे रीळ मागवायचे.

स्पूलवर किती लाइन मावेल, तो हिशोबही करून ठेवला. रिळावर ०.३३ मिमी जाडीची ११० मीटर असे लिहिलेले आहे. लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जाते, तेव्हा माझ्या लाइनची जाडी थोडी जास्त, ०.३६ मिमी धरली तरी ती सुमारे ९२ मीटर मावेल. बेडूक तीस मीटरच्या पुढे फारसा जात नाही. त्यामुळे तळाशी १५ मीटर नायलॉन आणि वर ७५ मीटर ब्रेडेड पुरे. तळाची नायलॉन केवळ बचतीसाठी नसते. गुळगुळीत धातूवर ब्रेडेड लाइन पकड घेत नाही आणि ताण आला की सगळी गुंडाळी एकत्र घसरते. त्या वेळी ड्रॅग बिघडला असे वाटते आणि लोक विनाकारण रीळ उघडून बसतात.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

यादी पाठवली. एकूण खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लाइनवर गेला. मामांना सांगितले तर "आता जमलं" म्हणाले.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

पुतण्या गुरुवारी आला. हेवी रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवला. वरून तिसऱ्या कडीत दोन तंतू अडकले. भिंगाखाली कडीच्या आतल्या चिनी मातीच्या वलयाला केसासारखी चीर दिसली. अशी चीर ब्रेडेड लाइन काही तासांत फाडते आणि माणूस दोष लाइनला देतो. विकणाऱ्याला परत पाठवायला आता वेळ नव्हता. बोहरी आळीतून बारीक रेशमी धागा आणि इपॉक्सी आणून, जुन्या रॉडची सारख्याच मापाची कडी काढून येथे बांधली. दोन हात इपॉक्सी दिली आणि ती सुकेपर्यंत रॉड दर दहा मिनिटांनी फिरवत राहिलो. पुतण्याने अर्धी रात्र माझ्यासोबत जागून काढली.

लाइन भरताना ती ओल्या फडक्यातून, बोटांत दाबून भरली. सैल भरलेली ब्रेडेड लाइन ताण आल्यावर स्वतःच्याच वेढ्यांत रुतते आणि पुढची फेक अर्ध्यावर अडकते. स्पूल काठापासून दोन मिमी खाली भरला.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

घराजवळच्या मैदानात सकाळी गळ काढलेल्या बेडकाने फेकण्याचा सराव केला. स्पूलचा ताण असा ठेवला की रॉड आडवा धरून बटण दाबले असता बेडूक हळूहळू उतरावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. ब्रेक आधी पूर्ण आणि मग एकेक पायरी कमी. पहिल्या वीस फेकींत सात गुंते झाले, शेवटच्या वीसमध्ये एक. पुतण्याने एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली : "काका, आमिष टेकायच्या आधी अंगठा टेकवा." ब्रेक ही मदत आहे, काम अंगठ्यानेच करायचे आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

तलावावर पाणी गार होते आणि सकाळभर काही हालचाल दिसली नाही. थंडीत मरळ सुस्त असते. हा वेळ ड्रॅग लावण्यात घालवला. सामान्य नियम लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाचा आहे, त्याप्रमाणे २२.७ किलोला ५.७ किलो येतात. हुककाटा गळाला अडकवून रॉड तिरपा धरून ओढले, तेव्हा पाच किलोच्या पुढे रॉडची मूठ माझ्या पोटात रुतू लागली. मर्यादा लाइनची नव्हती, माझ्या हातांची होती. पाच किलोवर ड्रॅग ठेवला आणि चकतीवर रंगाची खूण केली.

२ मार्च २०२५, रविवार

ऊन तापू लागले आहे. साडेअकराच्या सुमारास पाणकणसाच्या त्याच कोपऱ्यात हवा घ्यायला वर आलेल्या मरळीचा बुडबुडा दिसला. पिल्लांचा थवा नाही ना, हे मामांनी काठावर बसून नीट पाहून घेतले. थवा असता तर तेथे फेकायचे नाही, असे आमचे ठरलेले आहे. बेडूक बुडबुड्याच्या दोन हात पलीकडे टाकला आणि जलपर्णीच्या पानांवरून ओढत फटीत आणून थांबवला. पाणी फुटले. मनात दोन अंक मोजले, लाइन ताठ झाली तेव्हा झटका दिला आणि फिरवत राहिलो. तिने खाली जाण्याचा प्रयत्न केला, ड्रॅग हातभरच सुटला, आणि मग ती डोके वर काढून, खांद्यावर जलपर्णीचा एक सबंध झुबका घेऊन, पानांवरून घसरत काठाशी आली. पकडीने गळ काढला, ओल्या गोणपाटावर ठेवून तोलली : २ किलो ३०० ग्रॅम. तिच्याबरोबर आलेला झुबका ३ किलो १०० ग्रॅमचा भरला. जुन्या तंगुसाने हे ओझे सोसले नसते.

मरळ पाण्यात सोडली. मामा म्हणाले, "दोरा बघ." शेवटची वीतभर लाइन बोटांतून फिरवली, गाठीपासून चार बोटांवर दोन ठिकाणी तंतू उसवून पिसासारखे उभे राहिले होते. दातांचे काम होते. दात असलेल्या माशासाठी पुढे जाड लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा वेगळा मजबूत तुकडा, लावावा, असे अनेकजण सांगतात आणि मीही तो विचार केला होता, पण लीडर बेडकाचे नाक बुडवतो आणि त्याची गाठ कड्यांना अडखळते. त्यापेक्षा प्रत्येक माशानंतर टोक तपासून कापणे मला योग्य वाटते. अर्धा मीटर कापून तुकडा खिशात टाकला. ही लाइन कुजत नाही, आणि गेल्या वर्षी याच काठावर अशा टाकून दिलेल्या दोऱ्यात पाय अडकलेला बगळा मामांनी सोडवला होता. पालोमर ओली करून बांधली, हुककाट्याला सात किलोपर्यंत ओढून पाहिली, टिकली. स्पूलवर ७४ मीटर शिल्लक.